पोपटाचा डोळा आणि पबजी

(भोकर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांच्या काही प्रश्नांची उत्तरे दिली आहेत.)



विषय ठरवताना संयोजकांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. तिच्यावर एकच ओळ होती : बंदुकीचे गेम खेळून पोरं युद्धाला तयार होतात का? ओळ सरळ आहे, पण आपल्याकडं हा प्रश्न दोन तऱ्हेची माणसं विचारतात आणि दोघांच्या मनात वेगवेगळं असतं. आई-वडील विचारतात तेव्हा त्यांच्या पोटात भीती असते. लेकरू रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलमध्ये माणसं मारायलंय, उद्या खरंच कुणावर हात उचलला तर? आणि भरतीची तयारी करणारी पोरं विचारतात तेव्हा त्यांना आशा असते. सर, गेममध्ये माझा नेम लई भारी आहे, तिकडं त्याचा फायदा होईल का? आता बघा, एकाची भीती आणि दुसऱ्याची आशा या दोन्ही गोष्टी एकाच समजुतीवर उभ्या आहेत. पडद्यावर हाताला जी सवय लागते ती रणांगणावर तशीच चालू राहते, ही ती समजूत. आज आपण ती तपासून बघू.

इथं माझ्या वयाची बरीच मंडळी बसली आहेत. त्यांच्यासाठी आधी खेळ काय आहे ते सांगतो. मला तो शेजारच्या एका मुलानं दोन संध्याकाळी बसून समजावला, आणि खरं सांगायचं तर माझ्या कितीतरी वर्गांपेक्षा त्याचा वर्ग बरा झाला. विमानातून शंभर जण एका बेटावर उड्या टाकतात. अंगावर काही नसतं. घराघरांत शिरून बंदुका, गोळ्या, हेल्मेट गोळा करायचं. बेटाभोवतीचा घेर हळूहळू आवळत जातो, त्यामुळं लपून बसायची सोय नाही. शेवटी जो एकटा किंवा ज्यांची टोळी उरते ते जिंकतात, आणि पडद्यावर चिकन डिनर मिळाल्याची अक्षरं येतात. अर्ध्या तासात सगळा खेळ आटोपतो. मेलेले नव्व्याण्णव जण पुढच्या मिनिटाला दुसऱ्या विमानात बसलेले असतात.

हा पबजी. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली त्यात तो गेला. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय या नावानं परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. भारतासाठी परत येताना त्यात एक गमतीचा बदल केला होता. रक्ताचा रंग हिरवा केला, आणि मारणे या अर्थाचा शब्द बदलून संपवणे अशा अर्थाचा शब्द टाकला. रक्त हिरवं केलं म्हणजे हिंसा कमी झाली, असं मानणाऱ्या माणसाशी मला एकदा निवांत बोलायचं आहे. असो.

आता पालकांची शंका अगदीच बिनबुडाची आहे असं समजू नका. तिच्यामागं इतिहास आहे. १९९३ साली डूम नावाचा खेळ आला. त्यात राक्षसांना गोळ्या घालायच्या होत्या. १९९६ मध्ये अमेरिकेच्या मरीन दलानं त्याच्या दुसऱ्या भागात फेरफार करून राक्षसांच्या जागी सैनिक बसवले आणि आपल्या जवानांना तो खेळायला दिला. पुढं ४ जुलै २००२ रोजी अमेरिकन लष्करानं स्वतःचाच एक गेम फुकट वाटायला सुरुवात केली, अमेरिकाज आर्मी. उद्देश उघड होता : पोरांनी भरतीला यावं. तो गेम वीस वर्षं चालला, २०२२ मध्ये बंद केला. आपल्या हवाई दलानंही २०१४ मध्ये आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये मोबाईलवर गेम आणले. दुसऱ्यातल्या वैमानिकाच्या मिशा बघून तो कोण हे विचारायची गरज पडली नाही. म्हणजे लष्करं या खेळांकडं गंभीरपणे बघतात. मग आपण का बघू नये?

ही शंका सगळ्यात ठासून मांडली ती डेव्ह ग्रॉसमन यांनी. अमेरिकन लष्करातले निवृत्त लेफ्टनंट कर्नल, वेस्ट पॉइंटला मानसशास्त्र शिकवलेले. १९९५ मध्ये त्यांचं ऑन किलिंग हे पुस्तक आलं. त्यांचा युक्तिवाद असा : माणसाला माणूस मारायची उपजत नावड आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, एस. एल. ए. मार्शल या लष्करी लेखकानं लिहिलं होतं की प्रत्यक्ष लढाईत शंभरातले पंधरा ते पंचवीस सैनिकच शत्रूवर गोळी झाडतात, बाकीचे झाडत नाहीत. यावर उपाय म्हणून नेमबाजीच्या सरावातलं गोल लक्ष्य गेलं आणि माणसाच्या आकाराची, अचानक उभी राहणारी आणि गोळी लागली की पडणारी लक्ष्यं आली. दिसलं की झाड, पडलं की शाबासकी. विचार करायला मध्ये फटच ठेवायची नाही. पावलोवचा कुत्रा घंटी ऐकून लाळ गाळायचा, स्किनरचा उंदीर दाणा मिळतो म्हणून कळ दाबायचा, त्याच जातीचं हे शिक्षण. आणि ग्रॉसमन म्हणतात, व्हिडिओ गेम नेमकं हेच करतो, फक्त वर शिस्त लावणारा सुभेदार नाही.

युक्तिवाद वजनदार आहे. पण त्याचा पाया तपासला पाहिजे. मार्शलच्या त्या आकड्यावर १९८८ मध्ये रॉजर स्पिलर या इतिहासकारानं हात घातला. मार्शलनं सैनिकांना तो प्रश्न पद्धतशीर विचारल्याचा, त्याची नोंद ठेवल्याचा पुरावाच सापडत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणजे ज्या आजारावर हे औषध निघालं तो आजार तेवढा होता का, इथंच प्रश्नचिन्ह आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ग्रॉसमन म्हणतात तसं शिक्षण खरोखर जिथं दिलं जातं ती जागा बघायला अमेरिकेला जायची गरज नाही. आपल्या आदिलाबाद लाइनवर मुदखेडला उतरलात की सीआरपीएफचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिकडं लातूर जिल्ह्यात चाकूरला बीएसएफचं आहे. आपल्या तालुक्यातली पोरं अशा केंद्रांतून, बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातून तयार होऊन आली आहेत. त्यांना विचारा की पहिल्या महिन्यात काय शिकवलं. बंदूक फार उशिरा येते हो! आधी केस जातात. मग स्वतःचं वेळापत्रक जातं. एकाची चूक झाली की सगळ्या तुकडीला शिक्षा, त्यामुळं शेजारच्या खाटेवरचा पोरगा तुमच्या जिवाचा होतो. सावधान म्हटल्यावर अंग आधी ताठ होतं आणि मन मागाहून. चार किलोची रायफल डोक्यावर धरून धावायचं, तीच साफ करायची, तीच सांभाळायची. जवानाची जडणघडण होते ती या सगळ्यातून : शरीराची थकावट, हुकूम, सोबती, आणि आपण एका कायद्याखाली, एका झेंड्याखाली आहोत ही जाणीव. गोळी झाडणं हा त्यातला एक तुकडा.

आता गेममध्ये यातलं काय आहे? बंदुकीला वजन नाही. खांद्याला धक्का नाही. भूक, जुलाब, पायाला आलेले फोड नाहीत. भीती आहे म्हणता? आहे, पण ती हरण्याची. आणि हुकूम तर मुळीच नाही. आईनं जेवायला हाक मारली तरी पोरगं ओ देत नाही, ते हुकूम काय पाळणार!

मी आयुष्यभर ॲरिस्टॉटल शिकवला. सवयीविषयी त्याच्याइतकं नेमकं बोलणारा माणूस विरळा. तो म्हणतो की घर बांधून माणूस गवंडी होतो आणि वीणा वाजवून वादक. धाडसाची कामं करून धाडसी होतो. यातली मेख अशी आहे की ज्याचा सराव कराल तेच तुम्ही व्हाल, त्याच्यासारखं दिसणारं दुसरं काही होणार नाही. पडद्यावर अंगठा फिरवून माणूस अंगठा फिरवण्यात पटाईत होतो. मरीन दलालासुद्धा डूममधून मुख्यतः हवं होतं ते चार जणांनी एकमेकांशी बोलत पुढं सरकायचं तंत्र. नेम शिकवायला त्यांच्याकडं खरं मैदान होतं.

पण इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण नेम या गोष्टीविषयी आपल्याच घरात एक फार मोठी गोष्ट पडून आहे आणि आपण ती अर्धीच सांगतो. पोपटाचा डोळा. लहानपणी सगळ्यांनी ऐकली. महाभारतातल्या आदिपर्वात तो पोपट नाही, भास नावाचा पक्षी आहे. आणि तो खरा पक्षीही नाही! द्रोणाचार्यांनी कारागिरांकडून बनवून घेतलेला, झाडाच्या शेंड्यावर बांधलेला खोटा पक्षी. आजच्या भाषेत तो सिम्युलेटर झाला. द्रोणाचार्य एकेकाला विचारतात, काय दिसतं? युधिष्ठिर म्हणतो, झाड दिसतं, पक्षी दिसतो, तुम्ही दिसता, माझे भाऊ दिसतात. नापास. धर्मराज नापास झाला, बरं का. बाकीचेही नापास. अर्जुनाला मात्र फक्त पक्ष्याचं डोकं दिसतं. त्याला बाण सोडायचा हुकूम मिळतो.

आपण इथं गोष्ट थांबवतो आणि मुलांना एकाग्रतेचा धडा देतो. पण हाच अर्जुन पुढं कुरुक्षेत्रावर उभा राहतो. त्या काळातलं सर्वोत्तम प्रशिक्षण घेतलेला माणूस, हजारो बाण सोडलेला हात. आणि गीतेच्या पहिल्या अध्यायात त्याचं काय होतं? तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, गांडीव हातातून गळून पडतं. का? कारण या वेळी त्याला डोळा दिसत नाही. त्याला आजोबा दिसतात, गुरू दिसतात, मामे, भाचे, सोयरे दिसतात. परीक्षेच्या दिवशी युधिष्ठिराला जे दिसलं होतं, झाड आणि भाऊ आणि गुरू, ते सगळं अर्जुनाला रणांगणावर दिसायला लागतं. सराव कुठं गेला? सराव हातात होताच. पण हाताला गोळी किंवा बाण सोडायची परवानगी मन देतं, आणि ते मन तयार करायला अठरा अध्याय लागले. एवढ्या मोठ्या युक्तिवादाची गरज पडली, हाच माझ्या मते ग्रॉसमन यांना सगळ्यात जुना प्रतिवाद आहे. नुसत्या सवयीनं भागलं असतं तर श्रीकृष्णाला बोलावं लागलं नसतं.

आपल्या भागातलं उदाहरण घ्या. हैदराबाद मुक्तिसंग्रामात आपल्याकडची विशी-पंचविशीची पोरं उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या कॅम्पांत गेली. हत्यारं तुटपुंजी, सराव त्याहून तुटपुंजा. तरी त्यांनी रझाकारांशी झुंज दिली. त्यांच्याजवळ कारण होतं. घरी येऊन वडीलधारी माणसं या गोष्टी सांगायची तेव्हा नेमाविषयी कुणी काही सांगत नसे. कुणाच्या भाकरीवर किती दिवस काढले ते सांगत.

संशोधनाचं थोडक्यात सांगतो, कारण टीव्हीवर दर महिन्याला कुणीतरी याबाबत शास्त्राचं नाव घेतं. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या २०१५ च्या अहवालात म्हटलं आहे की हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध दिसतो, पण गुन्हेगारी हिंसेशी संबंध जोडायला पुरेसा पुरावा नाही. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी चौदा-पंधरा वर्षांच्या साधारण हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. मुलांचं वागणं त्यांच्या पालकांना विचारलं आणि गेम किती हिंसक ते मुलांना न विचारता अधिकृत वर्गवारीवरून ठरवलं. संबंध दिसला नाही. जपान आणि दक्षिण कोरियात हे खेळ घराघरांत आहेत. पबजीच मुळात कोरियन कंपनीचा. आणि बंदुकीनं होणारे खून तिथं जगात सगळ्यात कमी असणाऱ्या देशांइतके.

यामागं एक साधी गोष्ट आहे. खेळणाऱ्याला ठाऊक असतं की तो खेळतो आहे. योहान हायझिंगा या डच विद्वानानं १९३८ मध्ये होमो लुडेन्स या पुस्तकात सांगितलं की खेळाभोवती एक रिंगण असतं. आतले नियम आत, बाहेरचे बाहेर. आपल्याला हे समजायला डच माणूस कशाला हवा? लहानपणी पळापळीत धाप लागली की आपण अंगठा वर करून टाइमप्लीज म्हणायचो आणि राज्य असलेला गडीसुद्धा थांबायचा. धाकट्या भावाला लिंबू-टिंबू म्हणून घ्यायचो. तो आउट होत नसे. युद्धात टाइमप्लीज नसतं आणि लिंबू-टिंबू नसतं. हा फरक पाच वर्षांच्या लेकरालाही कळतो.

मग गेमचं नुकसान काहीच नाही का? आहे. पण ते आपण शोधतो त्या जागी नाही. मार्च २०१९ मध्ये शेजारच्या हिंगोलीत दोन तरुण रेल्वेखाली गेले. रुळाजवळ बसून पबजी खेळत होते, गाडी आलेली कळली नाही. वर्तमानपत्रांत ती बातमी तुम्हीही वाचली असेल. त्या पोरांनी कुणाला मारलं नाही, कुणाचा द्वेष केला नाही. त्यांना फक्त पक्ष्याचा डोळा दिसत होता. झाड दिसत नव्हतं, रूळ दिसत नव्हते. गेम शिकवतो काय, तर बाकीचं न बघणं. अर्जुनाची परीक्षा रोज चार तास. बेळगावजवळ त्याच वर्षी मोबाईल आणि गेमवरून बाप-लेकाचं भांडण खुनापर्यंत गेलं. ती भयंकर घटना आहे, पण त्यात युद्धाचं प्रशिक्षण शोधू नका. तिथं आजारलेलं घर होतं आणि वेळेवर कुणी मदतीला गेलं नाही, असंच कुठल्याही अशा घटनेत पुढं दिसतं.

इथं कुणी म्हणेल, सर, तुम्ही जुन्या युद्धाचं बोलता. आता युद्धच गेमसारखं झालं. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला टाळून पुढं जाता येणार नाही. युक्रेनमध्ये सैनिक डोळ्यांवर चष्मा चढवून, हातात गेमसारखाच कंट्रोलर धरून ड्रोन उडवतो आणि खंदकातल्या माणसावर नेऊन आदळतो. तिथं तर तुकड्यांना गुणही मिळतात : हल्ल्याचा व्हिडिओ पाठवायचा, तपासणी झाली की गुण जमा, त्या गुणांवर नवीन ड्रोन घ्यायचे. आपल्याकडंही नागपूरच्या सोलर समूहानं बनवलेलं नागास्त्र-१ जून २०२४ मध्ये सैन्याला मिळालं. घिरट्या घालून लक्ष्यावर कोसळणारं ड्रोन आहे ते. अशा कामात गेम खेळलेल्या अंगठ्याचा उपयोग होतो, हे मान्य करायला हवं.

पण इथंही एक उलटी गोष्ट दिसते. अमेरिकेचे ड्रोनचालक हजारो किलोमीटरवर, वातानुकूलित खोलीत बसून हल्ले करत. त्यांना काही वाटणार नाही, ते गेमच खेळतात, असं सगळ्यांना वाटलं. प्रत्यक्षात त्यांच्यात मानसिक त्रास, झोप उडणं, अपराधीपणा या तक्रारी निघाल्या. कारण लढाऊ विमानाचा वैमानिक बॉम्ब टाकून निघून जातो, आणि ड्रोनचालक एकाच घरावर दिवसेंदिवस नजर ठेवतो. तो माणूस सकाळी अंगणात येतो, लेकराला उचलून घेतो, हे त्यानं बघितलेलं असतं. आणि हल्ल्यानंतर काय उरलं तेही त्यालाच बघावं लागतं. पडदा तसाच, हात तोच. पण आता डोळ्याभोवतीचा पक्षी दिसला, झाड दिसलं, घरटं दिसलं.

आता मी मला खरी काळजी वाटते त्या मुद्द्याकडं येतो. खेळणारा पोरगा सैनिक होत नाही, हे झालं. पण तो नागरिक होतो. आणि लोकशाहीत युद्ध करायचं की नाही, किती करायचं, कधी थांबायचं, यावर नागरिकाच्या मताचं वजन पडतं. युद्ध म्हणजे काय याचं चित्र त्याच्या डोक्यात कुठून येतं?

मे २०२५ आठवा. ऑपरेशन सिंदूरचे ते चार दिवस. आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर विमान पडताना, क्षेपणास्त्र उडताना व्हिडिओ येत होते. त्यातले कितीतरी व्हिडिओ अर्मा-३ या गेममधले होते. चेक प्रजासत्ताकातल्या कंपनीचा २०१३ चा गेम आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये तर आपल्याकडच्या काही वृत्तवाहिन्यांनी याच गेमचं चित्रण पंजशीरवर पाकिस्ताननं केलेला हल्ला म्हणून दाखवलं होतं! शेवटी २०२२ मध्ये त्या कंपनीनंच लोकांना खोटं चित्रण कसं ओळखायचं ते सांगितलं. तिनं सांगितलेल्या खुणांपैकी एक मी वहीत लिहून ठेवली आहे : अशा व्हिडिओंत सहसा हलती माणसं नसतात, कारण गेमला हालचाल करणारी माणसं खऱ्यासारखी दाखवणं जमत नाही. विमान हुबेहूब, धूर हुबेहूब, माणूस नाही. आणि आपण, माणूस नसलेलं युद्ध बघून, खरं समजून, ते पुढं पाठवत होतो. हे पोरांनी केलं नाही हो. माझ्या वयाच्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त आलं. आम्ही कुणी आयुष्यात पबजी खेळलेलो नाही.

फौजी या गेमचंही बघा. १५ जून २०२० ला गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान गेले. २६ जानेवारी २०२१ ला त्यावरचा गेम मोबाईलवर आला. उत्पन्नातला पाचवा हिस्सा भारत के वीर निधीला देण्याचं जाहीर केलं, ते चांगलंच. त्या चकमकीत गोळीबार झाला नव्हता, म्हणून गेममध्येही पहिल्या भागात हाणामारीच होती. तपशील सांभाळला होता. पण सैन्यानं तेव्हा जे निवेदन काढलं त्यात काय होतं आठवतं का? वीसपैकी सतरा जवान गंभीर जखमी झाले, शून्याखालच्या थंडीत पडून राहिले आणि मग दगावले. जखमी होऊन थंडीत पडून राहणं. हे कुठला गेम खेळायला देईल? त्या रात्रीचा बराचसा भाग वाट बघण्यात, गारठण्यात, सोबत्याला ओढून आणण्यात गेला असणार. गेममध्ये सोबत्याजवळ काही सेकंद बसलं की तो उठतो. पोरं त्याला रिव्हाइव म्हणतात.

आपला भाग सैन्याला आणि निमलष्करी दलांना पोरं देणारा भाग आहे. शेतीत भागत नाही, नोकरी नाही, म्हणून पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं आपण रोज बघतो. युद्ध झालं तर जाणार आहेत ती हीच. त्यांच्या बाजूला बसून, हातातल्या पडद्यावर युद्ध बघून, अजून मारा, थांबला का, असं ओरडणारे जे आहेत त्यांना युद्धाची सवय लागली आहे. सैनिकाची नाही, प्रेक्षकाची. १९९१ च्या आखाती युद्धापासून, जेव्हा टीव्हीवर बॉम्बच्या नाकावरचा कॅमेरा दाखवायला लागले, तेव्हापासून ही सवय वाढते आहे. मोबाईलनं ती खिशात आणली. प्रश्न विचारायचा तर मला विचारा की हे चित्र कोण बदलणार. पण तुमचेही प्रश्न आहेत. घेऊ या.

प्रश्न : मग मोबाईल काढून घ्यावा का?

हिसकावून घेऊ नका. हिसकावण्यानं काय होतं ते आपण वर्तमानपत्रात वाचतो. किती वेळ आणि किती वाजेपर्यंत, हे ठरवा आणि ते आपणही पाळा. बाप रात्री बारापर्यंत रील्स बघणार आणि पोराला शिस्त लावणार, हे जमत नाही. आणि एकदा तरी त्याच्याजवळ बसून बघा की तो काय खेळतो. मला दोन संध्याकाळ लागल्या. पोरं फार उत्साहानं सांगतात. कुणी विचारत नाही म्हणून सांगत नाहीत.

प्रश्न (एका विद्यार्थिनीचा) : सर, युद्ध खरं कसं असतं ते दाखवणारा गेम होऊच शकत नाही का?

होऊ शकतो, झालाही आहे. २०१४ मध्ये पोलंडच्या एका कंपनीनं धिस वॉर ऑफ माइन नावाचा गेम काढला. त्यात तुम्ही सैनिक नाही. वेढा पडलेल्या शहरात अडकलेली साधी माणसं आहात. सारायेव्होच्या वेढ्यावरून तो सुचला. औषध कुणाला द्यायचं, शेजारच्या म्हाताऱ्याचं अन्न चोरायचं का, असे निर्णय घ्यावे लागतात. पोलंडनं तो शाळेच्या पूरक वाचनाच्या यादीत घातला. आणि मघाशी ज्याची बदनामी केली त्या अर्मा-३ नंही २०१७ मध्ये रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीशी बोलून युद्धाच्या कायद्यांवर एक भाग काढला, त्यात सुरुंग काढणारा मदतकार्यकर्ता आहे. पुण्यात आता मोठमोठे गेम तयार होतात. इंडस हा बंदुकीचाच गेम तिथल्या सुपरगेमिंग कंपनीनं केला. आपल्याकडचं कुणी गलवानच्या जवानाच्या घरी बातमी आल्यानंतरच्या दिवसावर गेम करील तर मी या वयात मोबाईलवर खेळायला शिकेन.

प्रश्न (भरतीची तयारी करणाऱ्या एका तरुणाचा) : गेमनं नेम सुधारतो असं एका व्हिडिओत ऐकलं, अमेरिकेत अभ्यास झालाय म्हणे. खरं का?

तू ज्याविषयी ऐकलंस तो अभ्यास मला माहीत आहे. ओहायोमधल्या दोन संशोधकांचा. वीस मिनिटं बंदुकीच्या आकाराच्या कंट्रोलरनं गेम खेळलेल्यांनी नंतर पुतळ्याच्या डोक्यावर जास्त गोळ्या मारल्या, असं त्यात म्हटलं होतं. जगभर गाजला. २०१७ मध्ये त्या नियतकालिकानं तो मागं घेतला, कारण त्यातल्या माहितीत गोंधळ निघाला. मागं घेतल्याची बातमी व्हिडिओवाल्यांपर्यंत सहसा पोचत नाही. एक मात्र खरं आहे. २००३ च्या एका अभ्यासापासून असं दिसतं की वेगवान गेम खेळणाऱ्यांची नजर पडद्यावरच्या बऱ्याच गोष्टी एकदम टिपते. तेवढा फायदा घे.

पण तुझी सोळाशे मीटरची वेळ किती आहे? ...सहा मिनिटं? आणि रात्री किती वाजता झोपतोस? ...एक वाजता झोपून साडेचारला उठायचं आणि धावायचं, अरे, पायांना कधी विसावा मिळणार? आधी तेवढं नीट कर. नेम धरायला तुला तिकडं सुभेदारसाहेब शिकवतील, त्यासाठी त्यांना पगार मिळतो.